घरावरची रेघ

व्यंकटीमामा पुन्हा आले, आणि तनुजाने पुन्हा आधी संगणकावरच्या नकाशातला रस्त्यांचा लेअर, म्हणजे रस्त्यांच्या रेघांचा थर, बंद केला.

पडद्यावर लातूरच्या कडेची ती वस्ती तेवढी उरली. ड्रोनने वरून टिपलेले पत्रे, माळवदं, एक चिंच. म्हातारा खुर्चीवर टेकला आणि खांदा चोळत म्हणाला, "लाल रेघ कुठं गेली, बाई?"

"नेट हळू आहे, मामा. पुढच्या खेपेला दाखवते."

नेटचा काही संबंध नव्हता. ती लाल रेघ म्हणजे नव्या विकास आराखड्यातला रस्ता, आणि तो मामांच्या घराच्या बरोबर पोटातून जात होता. पहिल्या खेपेला तिने ती बेसावधपणे दाखवून टाकली होती. मामांनी बोट काचेवर ठेवलं आणि घरापासून थेट मोठ्या सडकेपर्यंत रेघ गिरवली. आता हे बदलत न्हाई का, एवढंच विचारलं. सहसा नाही, असं तिने खरं ते सांगितलं. मामांनी उपरण्याने डोळे पुसले, हात जोडले आणि निघून गेले. तेव्हापासून तनुजाला घास गोड लागेना.

या नगररचना कार्यालयात ती कंत्राटावर होती. सकाळी कॉलेजात पोरांना संगणकावर नकाशे करायला शिकवायचं, दुपारी इथे येऊन तेच करायचं. नवरा नांदेडला, शनिवारी येणार. चार वर्षांची अक्षरा शेजारच्या नागुबाईंकडे, त्यामुळे तनुजाचा एक डोळा कायम फोनवर. पोर नुसती खोकली असं कळलं तरी सगळं सोडून पळावंसं वाटे. संध्याकाळपर्यंत अंगात त्राण उरत नसे.

पोरांना ती बजावायची की रेघ ओढण्याआधी त्या जागी जाऊन या. ड्रोनला नुसती छतं दिसतात. बोळ केवढा, दार कुणीकडे, हे पायांनीच कळतं. ती स्वतः मात्र त्या वस्तीत कधी गेली नव्हती. जायचं म्हटलं की अक्षराला घ्यायची वेळ झालेली असे.

कार्यालयात येणारा जो तो रेघ सरकवायलाच यायचा. कुणी ओळखी सांगे, कुणी आवाज चढवे. शरणप्पा नावाचे एक गृहस्थ तर आपल्या प्लॉटवरची रेघ पुसायला खिशात खोडरबर घेऊन आले होते. नकाशा आता कागदावर नाही, हे त्यांना शेवटपर्यंत पटलं नाही.

मामा तेवढे काही मागत नसत. बायकोला, धुरपताबाईंना, डायलिसिससाठी दवाखान्यात सोडलं की ते इकडे वळत, पडदा बघत आणि जात. मुलगा पुण्याला, घरी दोघंच. आजारी बाई आणि वर डोक्यावरचं छप्पर जाणार. तनुजाला दुसरं काही सुचत नव्हतं. हरकतींची मुदत संपत आली तेव्हा तिनेच अर्ज लिहून देऊ का म्हणून विचारलं.

मामा हसले. "आपली कसली हरकत, बाई? सरकारनं केलं ते बरंच केलं."

ते हसणं तिच्या काळजात रुतलं.

दुसऱ्या दिवशी ती कार्यालयाचे प्रमुख भुजंगसर यांच्यापुढे उभी राहिली. जुना नकाशा ड्रोनच्या फोटोवर बसवताना माझ्याकडून रेघ सरकली, म्हणाली. रस्ता वस्तीमागच्या मोकळ्या रानातून हवा. धडधडीत खोटं होतं ते. सरांनी चष्मा कपाळावर चढवला.

"पोरांना हेच शिकवता का?"

रेघ माझ्याकडूनच सरकली, तिने पुन्हा सांगितलं.

"तसं लेखी द्या. कंत्राट वाढवायच्या वेळी हे निघणार, आत्ताच सांगून ठेवतो."

तिने लेखी दिलं. अक्षराच्या शाळेचं काय, हा विचार सही होईपर्यंत दाबून ठेवला. दुरुस्त नकाशा मंजुरीला गेला. आता त्यात कुणालाच काही हलवता येणार नव्हतं.

पुढच्या खेपेला मामा आले ते अंगभर पांढऱ्या मातीने माखून. केसांतही माती. चेहरा दमलेला, पण उजळलेला. आज तिने स्वतःहून लेअर लावला. वस्तीला वळसा घालून लाल रेघ रानातून निघून गेली होती.

"बघा मामा. आता तुमच्या घराला धक्का नाही. कायमचा."

मामा बघत राहिले. मग बोट उचलून त्यांनी ते काचेवर टेकवलं, आपल्या घरावर, आणि तिथेच राहू दिलं.

"ही परत हितं आणता यील का, बाई?"

"का मामा?"

"आमच्या बोळात रिक्षा शिरत न्हाई. दवाखान्याला जाताना सडकेपोतर तिला पाठीवर घेऊन चालतो म्या." त्यांनी खांदा चोळला. "रस्त्याला आड नको म्हणून कालच घराची पुढली भिंत पाडली."