बाहेरून न दिसणारं

गाडी माझ्या हाती देताना बाबांनी एकच अट घातली होती, "इंजिनला हात लावायचा नाही." चेन्नईच्या रणगाडा कारखान्यात तीस वर्षं इंजिनं तपासलेला माणूस तो, ड्रॉइंगमध्ये नसलेला एक नटही त्यांना खपत नसे.

तरी शनिवारी "ऑइल बदलून आणतो" असं त्यांना धडधडीत खोटं सांगून मी ती बारा वर्षांची टर्बो हॅचबॅक अंबत्तूरला सेल्वमच्या गॅरेजात नेली. सायलेन्सर बदलला असता तर बाबांना आवाजावरून कळलं असतं, आणि मोठा एअर फिल्टर बॉनेट उघडताच दिसला असता. म्हणून मी फक्त ट्यूनिंग करायचं ठरवलं. इंजिनच्या कॉम्प्युटरमधला प्रोग्राम बदलला की गाडी पळते, आणि बाहेरून कुणाला काही दिसत नाही. सेल्वमने लॅपटॉप जोडला तेव्हा मला त्याच्याकडे बघवेना. या वयात बापाशी खोटं बोलतोय, हे मनाला टोचत होतं.

सेल्वम स्क्रीनकडे बघून हसला. "सार, हिचं ट्यूनिंग आधीच झालंय. दहा वर्षं झाली असतील."

गाडी तर नवी घेतल्यापासून आमच्याच घरात होती.

***

संध्याकाळी मी काही बोलायच्या आत बाबांनी पेपर तोंडासमोर धरला आणि विचारलं, "ऑइलच बदललं ना? मेकॅनिक आणखी काही म्हणाला नाही ना?"