सुरीपुढची खूण

गोळा एक्स-रेच्या पाटावर ठेवताना तिचे खांदे भरून आले. डोक्याएवढा असेल. गंज, वाळू आणि शिंपले एकमेकांना धरून दगड झालेला. बुडालेल्या जहाजाच्या मागच्या कोठारातून यंदा वर आलेली ही एकच वस्तू. जहाज कोणत्या काळातलं हे हिच्यातून कळलं नाही, तर पुढच्या वर्षी उतरायची परवानगी मिळणार नव्हती. समुद्राच्या तळाशी इतिहास शोधण्यात तिची तीस वर्षं गेली होती, आणि असल्या गोळ्यांतून बहुतेकदा खिळाच निघे.

"बाई, आज खिळा निघाला तर मी तो गिळीन," यंत्र चालवणारा म्हणाला.

"आधी बघ तर."

पडद्यावर पातं उमटलं. पात्याच्या पाठीला करवतीचे दाते.

"झालं. ही तर आपल्याच पाणबुड्यांची सुरी. कुणा बावळटानं पाडली कोण जाणे."

तिला ठाऊक होतं. पात्याचं टोक मोडलेलं होतं. अकरा वर्षांपूर्वी, किनाऱ्यावरच्या तंबूत, तिच्या नवऱ्यानं त्या सुरीनं दुधाचा डबा उघडायला घेतला आणि टोक मोडून बसला. सगळ्यांदेखत तिनं त्याला झापलं. रात्रभर दोघांचा अबोला. सकाळी तो त्याच कोठारात उतरला, जुन्या जाळ्यात अडकला, आणि वर आला तो चौघांच्या हातांवर. पायाला बांधलेलं सुरीचं म्यान रिकामं होतं. जाळं कापलेलं नव्हतं.

पाण्यात उतरणाऱ्याची एकेक वस्तू हात लावून बघायची, मग यादीत खूण करायची, असा नियम. त्या सकाळी होडीवर ते काम तिचं होतं. तिनं त्याच्याकडे न बघताच सगळ्या खुणा ओढल्या.

"सुरी होती?" चौकशीत विचारलं गेलं.

"होती. मी हात लावून बघितली."

शेजारी सासूबाई बसल्या होत्या. त्यांनी मान डोलावली. तेव्हापासून ती उतरणाऱ्या प्रत्येकाला सुरी तीन-तीनदा विचारी. पोरं पाठीमागे तिला तीनदाबाई म्हणत.

टोक मोडल्यानंतर तो एकदाच पाण्यात उतरला होता. म्हणजे त्या सकाळी सुरी त्याच्या पायालाच होती. त्यानं ती काढली, आणि ती हातातून निसटली.

यंत्रवाला पुढच्या वर्षीचं रडगाणं गात होता. ती जिन्यात आली, पायरीवर बसली आणि घरी फोन लावला.

"आई, त्या दिवशी सुरी त्याच्याकडे होती."

पलीकडे भांड्यांचा आवाज थांबला.

"अगं, आज काय हे नवीन?" सासूबाई म्हणाल्या. "तूच सांगितलं होतंस ना तेव्हा. मी कधी दुसऱ्यांदा विचारलं का तुला?"