तळ्याला वळसा

"अण्णा, नकाशावर तो किल्ला दाबा. लगेच पोहोचू आपण," म्युनिकहून केतकीचा आवाज हेडफोनमधून आला.

"अगं, तीस वर्षं एसटी चालवली मी. मधला रस्ता न बघता मुक्कामाला कसा जाऊ?" सांगलीत टीव्हीपुढे बसलेल्या दत्तोबांनी गेममधला आपला घोडा जंगलाकडे वळवला. केतकीही कुरकुरत आपला घोडा घेऊन मागे आली.

एरवी फोनवर बापलेकीचं बोलणं 'जेवलीस का?'च्या पुढे जात नसे. इथे वाटेत हरणं दिसली, धबधबा लागला, आणि एका तळ्याकाठी केतकी अचानक म्हणाली, "अण्णा, मला एक जण आवडतो. ऑफिसातलाच आहे, तेलुगू. आईला सांगायची भीती वाटते."

दत्तोबांनी घोडा थांबवला. लेकीनं आईच्या आधी आपल्याला सांगितलं, हे लक्षात येऊन ते मनातून फुशारले.

"स्वयंपाक येतो का त्याला?"

"तुमच्यापेक्षा बरा!"

दोघंही खळखळून हसले. किल्ल्याचा दरवाजा आता समोरच दिसत होता.

"चल, आधी तळ्याला एक वळसा मारू," दत्तोबा म्हणाले. "त्याचं नाव तरी सांग मला."