पहिल्या पाच टाक्या

वरवट बकाल गावात, अंगणात विटांवर चढवलेल्या रिमोटवर चालणाऱ्या छोट्या गाडीचं नवंकोरं इंजिन धूर ओकत होतं. “एवढा धूर काऊन बे?” अन्नपूर्णाबाईंनी लेकाला विचारलं. “नवं हाय, आई. पहिल्या पाच टाक्या तेलाचा स्क्रू ढिला ठेवून, तेल जास्त पाजून हळूच चालवा लागते. दर टाकीले थंडं होऊ द्या लागते.” “अन् पहिल्याच दिवशी पळवलं त?” “पळते, पण आतून घासून जाते. मंग जन्मभर तसंच रायते.” त्यांचा हात मनगटावर गेला. लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी त्यांनी ज्वारीच्या सोंगणीला आलेल्या मजुरांसाठी चाळीस भाकरी थापल्या होत्या. मनगट अजून ठणकतं. स्वयंपाकघरात नवी सून त्यांनी सांगितलेल्या विसातली पंधरावी भाकर थापत होती. त्यांनी आत जाऊन परात ओढून घेतली. “काही चुकलं का, आई?” “नाही वं माय. पंख्याखाली बस जराशी. उरलेल्या मी थापते.”