आमच्या वतीनं

“भारत तुमचा पुढारी आहे, असं तुम्ही म्हणता का फक्त आम्हीच म्हणतो?”

तीर्थपुरीच्या शाळेच्या हॉलमध्ये तृप्तीनं पाहुण्या मॅडमना विचारलं. विचारून दाखव म्हणून मैत्रिणींनीच पैज लावली होती. आता त्याच माना खाली घालून बसल्या. हेडसरांनी चष्मा काढून पुसायला घेतला. पैज तर निमित्त होती. टीव्हीवर ‘भारत गरीब देशांचा पुढारी’ असं रोज ऐकून ऐकून तृप्तीला खरंच जाणून घ्यायचं होतं.

पाहुण्या चिसोमो मॅडम आफ्रिकेतल्या मलावीच्या. इकडच्या शिवारातले बियाण्याचे प्लॉट बघायला आल्या होत्या. शिकायला पुण्यात होत्या, म्हणून मराठी बराबर यायची. त्यांना राग आला नाही. उलट त्यांनी खुर्ची पुढं ओढली.

“मोठ्या देशांसमोर भारत आमच्या वतीनं बोलतो,” त्या म्हणाल्या. “फार छान बोलतो. फक्त आम्ही काय बोललो, ते आम्हाला नंतर कळतं.”

सगळा हॉल हसला. हेडसरसुद्धा. मागच्या बाकावरची सुमेधा मात्र सगळे थांबले तरी हसतच होती.

सुटीत तृप्तीनं तिला गाठलं. “एवढं काय हसू येऊन राह्यलं तुला?”

“काही न्हाई. जादा तासाचं आठवलं.”

जादा तास ही तृप्तीची कमाई. दहावीच्या मुलींची प्रतिनिधी झाल्यावर पहिल्याच आठवड्यात तिनं हेडसरांकडून गणिताचा जादा तास मिळवला होता. उद्यापासून, सकाळी सातचा. सगळ्या मुलींच्या वतीनं.

“मी तुमच्यासाठीच भांडले ना?”

“लई भारी भांडलीस म्हणं. पण आमच्या वाडीची एसटी नऊला येती.” सुमेधानं दप्तर खांद्यावर घेतलं. चाचणीत ती गणितातच अडकली होती. “उद्यापासून तुम्ही शिका. मंग मला सांगा, मी काय शिकले ते.”

रात्री घरी पहिला घास मोडता मोडता तृप्तीनं जाहीर केलं, “उद्या सरांकडं मी बोलणार न्हाई. सुमेधा बोलंल. जादा तास संध्याकाळी घ्या म्हणंल.”

पप्पा एकदम खूश. “शाब्बास. ह्याला म्हणतात पुढारी.”

आईनं तव्यावरची भाकरी उलटली. “सुमेधाला इचारलं का?”

विचारलं तर नव्हतंच. वाडीची संध्याकाळची एसटी किती वाजता सुटते, हेही तृप्तीला माहीत नव्हतं.

तिनं ताट झाकलं आणि उठली.

“पप्पा, गाडी काढा. मी तिला इचारूनच जेवणार.”