बर्फातलं हेल्मेट

“हेल्मेट कुठं गेलं? इथंच ठेवलं होतं मी!” मार्लीन दोन्ही हातांनी बर्फाची पेटी उपसत होती.

मार्लीन कॉलेजच्या अमेरिकन फुटबॉल टीमची फिजिओ. मघाशी टोबीला, म्हणजे टीमसाठी चेंडू फेकणाऱ्या क्वार्टरबॅकला, समोरच्यांनी असं काही आदळलं होतं, की उठल्यावर तो पंचालाच विचारायला लागला, “आपण कुठल्या गावी आलोय हो?” स्वतःच्या कॉलेजच्या मैदानावर उभा राहून! मार्लीननं त्याला दंडाला धरून बाहेर आणलं, बाकावर बसवलं आणि त्याचं हेल्मेट बर्फात पुरून टाकलं. हेल्मेट नाही तर खेळ नाही. हट्टी पोरांवर हा जुनाच इलाज.

हेड कोच ड्वाइट लोमॅक्सनं मैदानाकडे पाहिलं. टोबीच्या जागी पाठवलेला बदली क्वार्टरबॅक मान खाली घालून परत येत होता, आणि घोळक्याच्या मधोमध टोबी उभा होता. डोक्यावर हेल्मेट होतं, त्यातून गळ्यावर पाणी ठिबकत होतं.

ही चोरी लोमॅक्सनंच शिकवली होती.

नोकरीच्या पहिल्याच दिवशी त्यानं सगळ्या पोरांना बसवून आपला तो किस्सा सांगितला होता. तो मोठ्या लीगमध्ये क्वार्टरबॅक होता तेव्हाचा. फायनलला डोक्याला मार बसला, डॉक्टरनं हेल्मेट टॉवेलांच्या ढिगाखाली दडवलं, यानं ते हळूच लांबवलं, मैदानात घुसला आणि शेवटच्या फेकीवर सामना खिशात घातला. पोरांनी बाकं बडवून खोली डोक्यावर घेतली. याच किश्शावर त्यानं वीस वर्षं मेजवान्या झोडल्या होत्या. आणि खरं सांगायचं तर ही खुर्चीही त्याच किश्शानं मिळवून दिली. नाहीतर ज्यानं साधी शाळेची टीम कधी शिकवली नाही, त्याला हेड कोच कोण करतंय! टोबी त्या दिवशी अगदी पुढं बसला होता. आ वासून ऐकत होता बिचारा.

“कोच, टाइमआउट घ्या! बाहेर काढा त्याला!” मार्लीन ओरडली.

टाइमआउट शिल्लक होता. नुसता हात वर करायचा. पण टीम चार गुणांनी मागं, वेळ एकाच फेकीपुरता, आणि बदली पोराची फेक तेवढी लांब जात नाही हे अख्ख्या मिसिसिपी राज्यातल्या कोंबड्यांनाही ठाऊक. त्यात घरच्या मैदानावरचा हा लोमॅक्सचा कोच म्हणून पहिलाच सामना. वर काचेच्या खोलीत त्याला नेमणारे देणगीदार उभे राहून बघत होते. लोमॅक्सचा हात काही वर जाईना.

“एकच फेक,” तो म्हणाला. “एवढी एक होऊ दे, मार्लीन.”

“आणि परत आदळलं म्हणजे? त्याच्या आईला तुम्ही सांगणार आहात का, का मीच सांगू?”

त्यानं ऐकूच न आल्यासारखं समोर पाहिलं. मार्लीन हात हलवत पंचाकडे धावली, पण त्या कल्लोळात तिला कोण विचारतंय!

टोबीनं चेंडू फेकला. चेंडू सगळ्यांच्या डोक्यावरून गेला आणि थेट गोलरेषेपलीकडच्या सोबत्याच्या छातीवर जाऊन बसला. सहा गुण! स्टेडियम उठून नाचायला लागलं. पोरांनी प्रथेप्रमाणे थंडगार सरबताचं पिंप उचलून कोचच्या डोक्यावर रिकामं केलं. नारिंगी सरबतानं निथळत, आल्यागेल्याशी हात मिळवत, लोमॅक्स टोबीला शोधत होता.

टोबी सापडला मैदानाच्या पलीकडं. हरलेल्या टीमच्या बाकावर तो शांतपणे बसला होता, त्यांच्यातलाच एक असल्यासारखा. त्यांच्या एका दांडग्या पोरानं त्याच्या खांद्यावर हात ठेवला होता. कुणीही हसत नव्हतं. मार्लीन गुडघ्यावर बसून टोबीच्या डोळ्यांत बॅटरी मारत होती.

“स्ट्रेचर येतंय,” ती म्हणाली. तिनं लोमॅक्सकडं पाहिलंसुद्धा नाही.

“कोच!” टोबीचा चेहरा खुलला. “जिंकलो का आपण?”

“जिंकलो रे, पोरा.”

“तुमच्यासारखंच केलं की नाही? चोरलं ना बर्फातून! ही बाई नुसती बघत राहिली!” तो खुशीत हसला. मग त्यानं मैदानाकडं पाहिलं. “कोच, जिंकलो का आपण?”

लोमॅक्स त्याच्यासमोर उकिडवा बसला. सरबत डोळ्यांत उतरून झोंबत होतं, पण पुसायची हिंमत होईना. आयुष्यात त्याला इतकी लाज कधी वाटली नव्हती. त्या दांडग्या पोराच्या नजरेला नजर देणंही जड झालं.

“एक विचारू, कोच?” टोबी म्हणाला. “तुम्हाला कसं वाटलं होतं हो तेव्हा? तुमची ती फेक पकडली तेव्हा?”

या प्रश्नाचं उत्तर लोमॅक्सला तोंडपाठ होतं. कुठं थांबायचं, कुठं आवाज खाली आणायचा, सगळं घोटलेलं.

“मला नाही आठवत,” तो म्हणाला. “काहीच नाही आठवत, टोबी. मार बसला तिथपासून दुसऱ्या सकाळपर्यंत सगळं कोरं आहे. कुणाला कधी सांगितलं नाही मी. तो सामना मी टीव्हीवर पाहिलाय रे, तुमच्यासारखाच.”

मार्लीनचा बॅटरीचा हात थांबला. तिनं पहिल्यांदाच वर पाहिलं.

टोबीनं शहाण्या मुलासारखं सगळं ऐकून घेतलं. मान हलवली. मग पुढं झुकून, लाजत, हळूच विचारलं,

“कोच, जिंकलो का आपण?”