येसूबाईचा खडक

शाळेच्या व्हरांड्यात मॉरिशसचा झेंडा लावला होता. लाल, निळा, पिवळा, हिरवा. मुलांनी तो आदल्या दिवशी जुन्या चादरीवर रंगवला होता. हिरवा पट्टा अजून सुकला नव्हता.

त्या देशाचा एक पाहुणा दिवेआगरला उतरलाय, आणि बारा मार्च हा त्यांचा स्वातंत्र्यदिन, एवढं कळल्यावर प्रणाली मॅडमनी त्याला खाडीकाठच्या आपल्या शाळेत बोलावलं होतं. त्याचं नाव शिवदास, आडनाव बाळाजी. आडनाव ऐकून मुलं हसली, तोही हसला. त्याचं मराठी पुस्तकातलं होतं आणि 'र' घशातून यायचा.

"आमचा देश स्वतंत्र झाला एकोणीसशे अडुसष्ट साली," तो म्हणाला. "पण आमच्या घरात त्याच्याही आधी एक बाई स्वतंत्र झाली होती. माझ्या आजीची आजी. ती इकडचीच, याच किनाऱ्यावरची. गाव कोणतं, ते आम्हाला ठाऊक नाही. सासरी तिला फार मारायचे. एके दिवशी ती खाडीवर धुणं घेऊन गेली. लुगडी खडकावर पसरली, घागर पाण्यात आडवी केली आणि सुपारीच्या गलबतात लपून मुंबईला गेली. तिथून बोटीनं मॉरिशसला, उसाच्या मळ्यात. मार तिथंही होता. पण ती म्हणायची, हा मार पगारी आहे."

मागं बसलेले बाप्ये हसले.

"तिचं नाव येसूबाई."

हसणं तिथंच थांबलं. मुलांसकट सगळ्यांनी एकदमच आवडाबाईकडे पाहिलं.

आवडाबाई पहिल्या खुर्चीत बसली होती. गावातलं वडीलधारं माणूस म्हणून पाहुण्याला शाल-नारळ तिच्या हातून द्यायचा होता. नारळ तिच्या मांडीवर होता. येसूबाई म्हणजे तिच्या सासऱ्याच्या आजोबांची भावजय. खाडीवर धुवायला गेली ती परत आली नाही. लुगडी सापडली, घागर सापडली, बाई सापडली नाही. तेव्हापासून त्या खडकावर दर अवसेला पान ठेवायचं, ही त्या घरच्या सुनेची रीत. गुरं दगावली, वादळात सुपारीची बाग आडवी झाली, की लोक म्हणायचे, येसूबाई कोपली. दिवेलागणीनंतर बाया तिकडे फिरकत नसत.

"काकू, हे तर तुमच्याच घरचे!" प्रणाली मॅडम आनंदानं म्हणाल्या. टाळ्या पडल्या.

शिवदास खाली उतरून आवडाबाईच्या पाया पडला. तिनं नारळ त्याच्या हातात दिला, शाल द्यायची राहूनच गेली.

"ती बुडाली न्हाय?" तिनं विचारलं.

"नाही, आजी."

"मग मेली कशानं?"

"म्हातारपणानं. पतवंडं पाहून गेली. दात नव्हते तरी ऊस मागायची."

"हितली आठवण काढायची?"

"हसायची. म्हणायची, बुडाली म्हणतील आणि चार दिवसांत विसरतील."

आवडाबाईनं मान हलवली. किती तरी वेळ हलवत राहिली.

त्याला खडक बघायचा होता. प्रणाली मॅडम आणि आवडाबाई त्याला घेऊन खाडीवर गेल्या. ओहोटी होती. चिखलात त्याचे बूट रुतले तसे ते काढून त्यानं हातात घेतले. आवडाबाई सवयीच्या पायांनी पुढं चालत होती.

खडकावर परवाच्या अवसेची केळीची पानं करपून पडली होती. भात कावळ्यांनी खाल्ला होता. शिवदासनं खडकाला हात लावला, मग डोक्याला लावला. त्याचे डोळे भरून आले.

"आजी, आता पान ठेवू नका," तो म्हणाला. "ती इथं नाही. ती कधीच इथं नव्हती."

मग त्याचं लक्ष गेलं. पानं दोन होती. दुसरं लहान होतं. त्यावर गुळाचा खडा, मुंग्या लागलेला, आणि एक लाल रिबीन.

"हे कुणाचं?"

प्रणाली मॅडमनी मान खाली घातली. त्यांना माहीत होतं. सगळ्या गावालाच माहीत होतं.

"माझ्या विनूचं," आवडाबाई म्हणाली. "तिसऱ्या काढाया आली हुती, चिखलातल्या शिंपल्या. भरती कवा आली, पोरीला कळलं न्हाय. लई शोधली. लोकं म्हनली, येसूबाईनं नेली. मी हितं येऊन धोंडं मारलं हो त्या बाईला. शिव्या घातल्या."

"आणि मग?"

"मग एक दिस मनात आलं, नेली तर नेली, पन बाईमानसानं नेली. एकटी न्हाय पोर. तवापासून तिलाच सांगत आले. येसूबाय, तिला रातीची भीती वाटते, जवळ घे. केसं इंचर तिची. मोठी झाली आसंल तर लुगडं नेसाया शिकव."

शिवदासच्या हातातले बूट खाली गळून पडले.

दूर वाळूच्या दांड्यापाशी पाणी वळलं होतं, भरती लागली होती. आवडाबाई त्या पाण्याकडे बघत राहिली.

"म्हंजी येवडी वर्सं," ती म्हणाली, "माझी विनू हितं एकटीच हाय?"

तिनं लुगड्याचा काष्टा सावरला, खडकाचा आधार घेतला आणि हळूहळू खाली बसली.

"मॅडम, पावन्याला जेवाया घिऊन जा," ती म्हणाली. "मी बसते हितं."